इंग्रजी शब्दांचें कुलगोत्र

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाची पहिली तक्रार बहुधा स्पेलिंगची असते. सरदार या अर्थाचा 'नाइट' हा शब्द लिहितांना आरंभीं 'के' आणि मध्यें 'जी' व 'एच' अशीं तीन अक्षरें घालावयाचीं, आणि तोंडानें त्यांतलें एकहि म्हणावयाचें नाहीं; न घातल्यास मात्र गुण जावयाचे! हा अन्याय आहे असें त्याला वाटल्यास नवल नाहीं. परंतु हीं अक्षरें कोणीं खोडसाळपणानें घातलेलीं नाहींत. चौदाव्या शतकांतील इंग्रज या शब्दाचा उच्चार 'क्निख्त' असा कांहींसा करीत असे. १४७६ सालीं कॅक्स्टननें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला. पुढें छापील अक्षर हळूहळू ठरून गेलें आणि जीभ मात्र आपल्या वाटेनें चालत राहिली. मराठी माणसानें यावर फार हसूं नये. 'चंद्र' आणि 'चाक' हे दोन शब्द त्यानें मोठ्यानें म्हणून पाहावे. च एकच लिहिला जातो, उच्चार दोन होतात.

व्याकरण कसें बोलावें तें सांगतें. लोक कसे बोलतात, पूर्वीं कसे बोलत आणि मध्यें काय घडलें, हा शोध भाषाशास्त्राचा. या शोधाला मोठी चालना मिळाली ती हिंदुस्थानांत. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश सर विल्यम जोन्स यानें २ फेब्रुवारी १७८६ रोजीं एशियाटिक सोसायटीपुढें असें प्रतिपादन केलें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या धातूंत आणि रूपांत जें साम्य आहे तें योगायोगाचें असूं शकत नाहीं. या भाषा कोणा एका मूळ भाषेच्या लेकी असाव्यात.

परंतु साम्य दिसलें कीं नातें जोडलें, असें करतां येत नाहीं. इंग्रजींतील 'मंगूस' आणि मराठींतील 'मुंगूस' हे दिसावयास सख्खे भाऊ; वस्तुतः इंग्रजांनीं तो प्राणी येथें पाहिला आणि नांवहि येथूनच उचललें. 'वाईट' या अर्थाचा इंग्रजी 'बॅड' आणि 'बदनाम' या शब्दांतील फारसी 'बद' यांचें तर कांहींच नातें नाहीं. तो केवळ योगायोग. मग खरें नातें ओळखावयाचें कसें? एकट्या शब्दावर विसंबून नव्हे, तर अनेक शब्दांत तोच फरक पुनःपुन्हा त्याच रीतीनें आढळतो कीं नाहीं, हें पाहून.

१८१८ सालीं डेन्मार्कच्या रास्कनें हा फरक दाखविला आणि १८२२ सालीं याकोब ग्रिम यानें त्याचा नियम मांडला. (परीकथा जमविणाऱ्या दोघां ग्रिम बंधूंपैकीं हाच थोरला.) संस्कृतांतील प च्या जागीं इंग्रजींत फ येतो, त च्या जागीं थ, आणि द च्या जागीं ट. 'पितृ' आणि 'फादर', 'त्रि' आणि 'थ्री', 'दश' आणि 'टेन' हे शब्द शेजारीं ठेवून पाहावे. 'पद' आणि 'फुट' यांत तर दोन्ही व्यंजनें नियमाप्रमाणें बदललीं आहेत. 'दंत' आणि 'टूथ' यांतहि तसेंच. मधला अनुनासिक मात्र गळाला.

तरीहि एक अडचण उरली, आणि ती मोठी होती. 'पितृ' व 'भ्रातृ' या दोहोंत त आहे. नियमाप्रमाणें दोन्ही ठिकाणीं थ यावयास हवा. पण जुन्या गॉथिक भाषेंत भावाला 'ब्रोथर' आणि बापाला 'फदर' म्हणत. एकांत थ, दुसऱ्यांत द. असें कां व्हावें? पन्नास वर्षें हे शब्द अपवाद म्हणून बाजूला पडले होते. अपवाद हा शब्द पंतोजींना फार सोयीचा. पण कार्ल व्हेर्नर या डॅनिश तरुणाचें समाधान त्यानें होईना. १८७५ सालीं एके दुपारीं डुलकी घेण्यापूर्वीं चाळावयास म्हणून त्यानें बॉप्प याचें तौलनिक व्याकरण हातीं घेतलें, आणि त्यांत 'पितर्' व 'भ्रातर्' हे संस्कृत शब्द स्वरचिन्हांसह त्याच्या दृष्टीस पडले, अशी आठवण त्यानें पुढें येस्पर्सेन याला सांगितली. वेदांत 'भ्रातृ' शब्दाचा उदात्त पहिल्या अक्षरावर आहे, 'पितृ' शब्दाचा दुसऱ्यावर. व्हेर्नरनें ताडलें कीं, ज्या थ च्या लगत पूर्वींच्या अक्षरावर आघात होता तो थ टिकला. जेथें तो नव्हता तेथें त्याचा मऊ द झाला. जर्मन कुळांतील भाषांनीं पुढें आघात पहिल्याच अक्षरावर कायम केला, त्यामुळें मूळ पुरावा त्यांच्या घरांतून नाहींसा झाला होता. ग्रीक भाषेंत त्याच्या खुणा होत्याच; पण वैदिकांनीं पिढ्यान् पिढ्या स्वर न चुकवितां मंत्र पाठ केले, म्हणून दूर युरोपांतील एका शब्दाचें कोडें येथील उदात्तानें सुटलें.

'मातृ' शब्दाचाहि उदात्त अंतींच आहे. त्याप्रमाणें जुन्या इंग्रजींत 'मोडोर' आणि 'फॅडेर' असे ड असलेले शब्द होते. मध्ययुगाच्या अखेरीस इंग्रजींत या ड चा उच्चार पुन्हां बदलला. आज 'फादर', 'मदर' व 'ब्रदर' हे तिन्ही शब्द एकाच तऱ्हेनें उच्चारले जातात व लिहिले जातात. जर्मन भाषेंत मात्र बाप 'फाटर' आणि भाऊ 'ब्रूडर' हा भेद अद्यापि कायम आहे.