वर्गाचे हस्तलिखित : विद्यार्थ्यांच्या लेखनाला वाचक हवा

विद्यार्थ्याने शाळेत लिहिलेला निबंध बहुधा एकच प्रवास करतो. वहीतून तो शिक्षकांच्या टेबलावर जातो, लाल शाईच्या खुणा घेऊन परततो आणि तेथेच त्याचे आयुष्य संपते. त्यात काय म्हटले आहे हे जाणून घेण्यास उत्सुक असा वाचक त्याला लाभत नाही. वर्गाचे हस्तलिखित किंवा भित्तिपत्रक नेमकी ही उणीव भरून काढते. आपले लेखन वर्गमित्र, पालक व गावकरी वाचणार आहेत हे उमगले की मूल आपण होऊन शब्द पारखू लागते, माहिती पडताळून पाहू लागते.

पूर्वपरंपरा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा या विचाराशी जुना संबंध आहे. १८४२ मध्ये नगर येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. याच पत्राने १८५५ मध्ये सुमारे चौदा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा निबंध छापला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईंनी मांग व महार समाजाच्या दुःखांविषयी तो लिहिला होता. तो वहीतच राहिला असता तर पुढील पिढ्यांना त्याचा पत्ताही लागला नसता.

पुढे अमळनेर येथे शिक्षक असताना साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ चालविले. त्याच सुमारास, १९२४ मध्ये, फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने आपल्या खेड्यातील शाळेत लहानसे मुद्रणयंत्र आणले. मुले स्वतःचे अनुभव स्वतःच्या हातांनी छापू लागली व दुसऱ्या गावच्या शाळांशी त्यांची देवाणघेवाण करू लागली.

विषय दाराशीच

या उपक्रमास फार खर्च लागत नाही. कोरे कागद, दोरा आणि भिंतीवरील थोडी जागा पुरेशी होते. विषय तर प्रत्येक तालुक्यात तयार आहेत. अकोल्याच्या मुलांना भाताची आवणी व भंडारदऱ्याचा पाऊस ठाऊक आहे. कर्जतच्या मुलांना रेहेकुरीचे काळवीट. हिवरे बाजार येथे ग्रामसभा पावसाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिकांचा विचार करते. आपल्या गावचा पाऊस रोज मोजून वर्गाने तो भित्तिपत्रकात मांडला, तर गणित, भूगोल व भाषा यांचा अभ्यास एकाच वेळी होतो.

पाथर्डी व शेवगाव परिसरातून अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीस जातात. त्यांची काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, तर काही आईवडिलांबरोबर जातात. अशा मुलाला उचल, मुकादम, मोळी व टन यांचा हिशेब माहीत असतो. परंतु वर्गात तो कोणी विचारत नाही. हस्तलिखितात त्याने हे लिहिले तर वर्गाला नवे ज्ञान मिळते. गावाबाहेर गेलेल्या मुलाला अंक पाठवून त्याच्याकडून मजकूर मागविल्यास शाळेशी त्याचे नाते तुटत नाही.

कार्यपद्धती

पंधरवड्यास एक अंक पुरेसा असतो. संपादक मंडळ प्रत्येक अंकास बदलावे, म्हणजे सुंदर अक्षर असलेल्या चारदोन मुलांचीच मक्तेदारी होणार नाही. पहिला खर्डा दोन सोबत्यांनी वाचून प्रश्न विचारावेत. नंतर लेखकाने तो सुधारावा. शिक्षकांनी चुका दाखवाव्यात, मात्र स्वतःची वाक्ये घालू नयेत. घरच्या बोलीतील शब्द काढून टाकू नयेत. वाचकांच्या अभिप्रायासाठी शेवटचे पान कोरे ठेवावे. घरातील कर्ज, आजार यांसारखा खाजगी मजकूर मुलाच्या व पालकांच्या संमतीशिवाय भिंतीवर लावू नये. या लेखनास गुण देण्याचा मोह टाळणेही आवश्यक आहे, अन्यथा ते पुन्हा परीक्षकासाठीच लिहिले जाईल.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम २९ मध्ये कृती व शोध यांतून शिक्षण आणि बालकास भयमुक्त होऊन आपले मत मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य, या दोन्हींचा समावेश आहे. कायद्यातील ही अपेक्षा वर्गात उतरविण्याचा हस्तलिखित हा एक सोपा मार्ग होय. मूल जेव्हा आपल्या गावाविषयी लिहिते आणि गाव ते वाचते, तेव्हा शाळेतील अक्षर खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.