खोडकिडा आणि आवणाची मूठ

टीव्हीवर बोंडअळीची बातमी आली की आपण म्हणतो, ते विदर्भातलं, कापसाचं. आपल्या कर्जत-खालापूरला भात. पण कापसातल्या गुलाबी बोंडअळीची आणि भातातल्या खोडकिड्याची खोड एकच आहे. दोन्ही अळ्या पिकाच्या पोटात लपतात.

कापसाचं आधी सांगते. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटल्यासारखं वाटलं होतं. पुढे गुलाबी अळीला त्यातलं विष पचायला लागलं आणि २०१७ साली तिनं विदर्भ-मराठवाड्यात शेतंच्या शेतं खराब केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली, काही जीवही गेले. अळी बोंडाच्या आत असली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणचे शास्त्रज्ञ सांगतात, हंगाम लांबवू नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका, कामगंध सापळे लावून पतंग मोजा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर फवारणीचा विचार करा. आधी मोजायचं, मग ठरवायचं.

आता आपल्या भाताकडे या. खोडकिड्याची मादी म्हणजे पिवळसर पतंग, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. ती पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्यानं अंडी घालते आणि वर आपल्या अंगाची पिवळट तांबूस लव चिकटवते. पानाला मळक्या लोकरीचा ठिपका लागल्यासारखं दिसतं. साधारण आठवड्यात अळ्या निघतात आणि खोडात शिरतात. रोप लहान असेल तर मधला गाभा सुकतो, ओढला की अलगद हातात येतो. पोटरीच्या वेळी शिरली तर लोंबी पांढरी, पोकळ, ताठ उभी राहते. तीच आपली पळींज. पळींज दिसल्यावर औषध मारणं म्हणजे पैसे बांधावर ओतणं. त्या लोंबीत दाणा काही परत भरत नाही.

मग वेळ कोणती? राबातून रोपं उपटतो ती. आवण काढायला, मुठी बांधायला बहुतेक आपणच असतो. मूठ बांधली की लावणीआधी रोपांचे शेंडे बोटभर खुडायचे, कारण अंडी तिथंच असतात. खुडलेले शेंडे बांधावर टाकू नका, खड्ड्यात पुरा. या कामाला एक रुपया लागत नाही. मात्र रोपांवर कडा करपा दिसत असेल तर खुडू नका. तो रोग खुडलेल्या जखमेतून आत जातो आणि हातांबरोबर पसरतो. अगदी बुटकी रोपंही खुडू नयेत, लावल्यावर ती पाण्यात बुडतात.

लावणीनंतर आठवड्यातून एकदा शेतात तिरकी चक्कर मारा. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, म्हणजे साडीच्या पन्ह्याएवढा चौकोन धरा आणि त्यातली चुडं बघा. चौकोनात एक अंडीपुंज सापडला, किंवा शंभर फुटव्यांत पाच गाभे सुकलेले दिसले, तर सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारा. त्याखाली असेल तर थांबा. शेजारच्यानं पंप उचलला म्हणून आपणही उचलायचा नाही. विनाकारण फवारलं की कोळी, चतुर, मित्रकिडे आधी मरतात आणि तुडतुडे मोकाट सुटतात. इंडोनेशियात हेच झालं होतं. फवारण्या वाढल्या तसे तपकिरी तुडतुडे वाढले, आणि १९८६ साली तिथल्या सरकारला भातावरच्या ५७ औषधांवर बंदी घालावी लागली.

पतंग पकडायला भातासाठीचे कामगंध सापळे मिळतात. एकरी आठ, म्हणजे दहा गुंठ्यांना दोन. कापसाची गोळी भातात चालत नाही, खोडकिड्याचीच मागून घ्या आणि पाकिटावरच्या मुदतीत बदला. पतंगाला बांध कळत नाही, तेव्हा एकीनं सापळे लावून फारसं साधत नाही. लागून शेतं असलेल्या पाच-सहा जणींनी गटातून मिळून घ्यावेत.

राहिली कापणी. पीक पिकत आलं की अळी खोडाच्या बुडाशी उतरते आणि धसकटात पुढच्या पिकाची वाट बघत बसते. म्हणून जमिनीलगत कापायचं. वाकून कंबर जाते, ते सल्ला देणाऱ्यांना कुठलं कळायला! पण वीतभर धसकट ठेवलं तर अळीला घरच बांधून दिलं. कापणीनंतर नांगरट करून धसकटं वेचा. सगुणा बागेच्या एसआरटी पद्धतीत नांगरत नाहीत, मुळं जमिनीत ठेवतात. तिथं तर विळा खालूनच चालवायला हवा. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्या गावांनी जास्तच जपावं. तिथं पावसाळी धसकटातून निघालेल्या पतंगाला लांब जावं लागत नाही, शेजारीच उन्हाळी राब हिरवागार असतो. त्या राबातली रोपं काढतानाही शेंडे बघायचेच.