चंद्राचे छायाचित्र आणि पंचांग

चंद्राचे छायाचित्र घ्यावयाचे तर ते पौर्णिमेसच घ्यावे, असा बहुतेकांचा समज असतो. आमचाही तसाच होता. म्हणून एका कोजागिरीस आम्ही काही शिक्षक, विद्यार्थी व पालक पौड रस्त्याने पिरंगुटच्या पुढे मुळशी तालुक्यातील कासार आंबोली या गावी गेलो आणि एका परिचितांच्या अंगणात लहानशी दुर्बीण मांडली. तिचे पुढील भिंग 70 मिलिमीटर रुंदीचे होते. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मोठ्या काटकसरीने ती मुलास घेऊन दिली होती. आटीव दूध झाले, मोबाईल दुर्बिणीच्या नेत्रिकेशी धरून पुष्कळ चित्रेही घेतली. परंतु प्रत्येक चित्रात एक पांढरी चकती, यापलीकडे काही नव्हते. ती पाहून वडील इतकेच म्हणाले, "यापेक्षा नुसत्या डोळ्यांनी बरा दिसतो." मुलगा काही न बोलता दुर्बीण पेटीत ठेवू लागला.

दोष दुर्बिणीचा नव्हता, मुलाचा तर नव्हताच. तो तिथी निवडणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांचा होता. तो कसा, हे या लेखात सांगावयाचे आहे.

नांगरलेले शेत भर दुपारी पाहिले तर सपाट भासते. तेच शेत सूर्योदयी पाहावे. प्रत्येक ढेकळामागे लांब सावली पडलेली असते व उंचसखलपणा चटकन नजरेत भरतो. चंद्राचेही तसेच आहे. पौर्णिमेस सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर सरळ प्रकाश टाकतो. तेथील सावल्या आपणांस दिसत नाहीत आणि डोंगर व विवरे लोपून जातात. शुक्लपक्षात मात्र उजेड व अंधार यांच्या सीमेवर, म्हणजे जेथे सूर्य नुकताच उगवत असतो तेथे, लहानसहान टेकडीचीही सावली लांबवर पसरते. छायाचित्र घ्यावयाचे ते या सीमेचे.

ही सीमा कोणत्या दिवशी कोठे असेल, हे आपल्या घरचे पंचांग सांगते. चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे गेला म्हणजे एक तिथी पूर्ण होते. आणि तेवढ्याच काळात चंद्रावरील सूर्योदयाची सीमाही सुमारे 12 अंश सरकते. त्यामुळे शुद्ध षष्ठीस थिओफिलस हे सुमारे 100 किलोमीटर रुंदीचे विवर सीमेवर येते. अष्टमीस टॉलेमीचे विशाल विवर, नवमीस अ‍ॅपेनाइन पर्वताची रांग आणि दशमीस कोपर्निकस ही क्रमाने उजेडात येतात. पंचांगात सूर्योदयाची तिथी मुख्य मानतात; आपण मात्र सायंकाळी कोणती तिथी चालू आहे ते पाहावे.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. अर्धचंद्र पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्मा उजळ असेल असे वाटते. वस्तुतः तो सुमारे एकदशांशच असतो. तरीही त्यावर ऊन पडलेले आहे, हे विसरू नये. मोबाईल भोवतीचे काळे आकाश पाहून प्रकाश वाढवतो आणि चंद्र पांढराफटक होतो. म्हणून पडद्यावरील चंद्रावर बोट टेकवावे आणि विवरे स्पष्ट होईपर्यंत उजेड कमी करीत जावे. हातात धरलेला मोबाईल हलतो, यास्तव तो नेत्रिकेवर पकडीने बसवावा व चित्र दोन-तीन सेकंदांनी आपोआप निघेल अशी योजना करावी.

तिसरी गोष्ट हवेची. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवून भिंग हवेइतके थंड होऊ द्यावे. दिवसभर तापलेला पत्रा किंवा डांबरी सडक यांवरून वर चढणाऱ्या हवेत प्रतिमा थरथरते. मातीचे अंगण उत्तम. तरीही हवा क्षणभर स्थिर, क्षणभर चंचल अशी असतेच. म्हणून जाणते लोक एकच चित्र न घेता शेकडो घेतात आणि त्यांतील स्पष्ट तेवढी संगणकावर एकत्र करतात. 2021 च्या मे महिन्यात पुण्यातील एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने सुमारे 50,000 चित्रे अशी जुळवून चंद्राचे एक चित्र सिद्ध केले व ते देशभर गाजले. चंद्रास शहराचे दिवे बाधत नाहीत. पुण्यातील गच्चीवरूनही हा उद्योग साधतो.

फाल्गुन शुद्ध अष्टमीस आम्ही पुन्हा कासार आंबोलीस गेलो. या दिवसांत अर्धचंद्र सूर्यास्ताच्या सुमारास आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. तेथे हवेचा थर सर्वांत कमी आड येतो, हा मोठा लाभ; मात्र दुर्बीण जवळजवळ उभी करावी लागते व तिवईचे पाय अडतात. चंद्र दोन मिनिटांत आपल्या रुंदीइतका सरकत असल्याने एकाने दुर्बीण हळूहळू फिरवावी व दुसऱ्याने मोबाईल सांभाळावा, असे ठरले. पंधरावीस प्रयत्न वाया गेल्यावर टॉलेमीचे विवर उमटले. त्याचा तळ अर्धा अंधारात होता व कडा तेवढी उजळली होती. त्याच वडिलांनी विचारले, "हा खड्डा केवढा असेल?" मुलाने उत्तर दिले, "सडकेने पुणे ते मुंबई जेवढे अंतर, सुमारे तेवढा रुंद." त्यानंतर बराच वेळ ते दुर्बिणीपासून हलले नाहीत.

पालकांस एक विनंती. दुर्बीण विकत घेण्यापूर्वी दुसऱ्याची पाहावी. पुण्यात 1944 साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थेत जाणत्यांचा सल्ला मिळू शकेल. आणि मुलांस एक सक्त ताकीद: दुर्बीण सूर्याकडे कदापि वळवू नये, क्षणार्धात दृष्टी कायमची जाते.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या शुक्लपक्षात षष्ठीपासून दशमीपर्यंत पाच सायंकाळी पाच चित्रे घ्या. प्रत्येकाखाली तिथी व वेळ लिहा आणि ती वहीत ओळीने चिकटवा. चंद्रावरचा सूर्योदय पानावरून पुढे सरकत गेलेला तुम्हांस दिसेल.