हीटरचे पैसे वेगळे

1960च्या दशकात इंग्लंडमध्ये अवजड ट्रक घ्यायला गेलेल्या मालकाला जी किंमत सांगितली जाई, ती चासी आणि केबिनची. मागची बॉडी किंवा ट्रेलर तो दुसरीकडून करून घेई. त्या किमतीत पुष्कळदा हीटरसुद्धा धरलेला नसे. अनेक मॉडेलांना पॉवर स्टीअरिंग किंवा दुसरी डिझेल टाकी हवी असली, तर त्याचे पैसे निराळे मोजावे लागत.

या जादा साहित्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो हीटर. ट्रकचा हिशेब मालक करी आणि थंडी ड्रायव्हर सोसे. 'कमर्शियल मोटर' हे 1905 साली सुरू झालेले नियतकालिक वाहतूकदारांसाठी खर्चाचे तक्ते छापत असे. इंधन, टायर, पगार, घसारा असे सगळे धरून दर मैलाला किती पडले, ते त्यात कळे. गारठलेल्या बोटांसाठी त्यात रकाना नव्हता.

1967च्या सुमारास व्होल्वोचे एफ86 आणि एफ88 ब्रिटनच्या रस्त्यांवर येऊ लागले, तेव्हा हा हिशेब डळमळला. स्वीडनच्या हिवाळ्यात हीटरविना ट्रक विकणे शक्यच नव्हते. केबिनच्या मजबुतीची चाचणीही तिथल्या कायद्यानेच सक्तीची केली होती. त्यामुळे ब्रिटनमध्ये जे वरकड मानले जाई, ते या गाड्यांच्या मूळ किमतीतच येई. ड्रायव्हर या गाड्यांवर खूश होते. केबिनमधल्या झोपण्याच्या बर्थचा प्रश्न मात्र चिघळला. मुक्कामाची खोली जाईल आणि रात्र गाडीतच काढावी लागेल, म्हणून कामगार संघटनांमधूनही त्याला विरोध झाला. तो विरोध मला समजण्यासारखा वाटतो. मालकाने दिलेली प्रत्येक सोय ड्रायव्हरच्या फायद्याचीच असते असे नाही.

काही गोष्टी पैसे मोजूनही मिळत नसत. 1970 साली व्होल्वोने 12 लिटर इंजिनाचा, 330 अश्वशक्तीचा एफ89 आणला. केबिनखाली मावावे म्हणून हे इंजिन कलते बसवले होते. त्यामुळे उजवीकडे स्टीअरिंगच्या यंत्रणेला जागाच उरली नाही आणि एफ89 फक्त डाव्या स्टीअरिंगचाच निघाला. ब्रिटिश ग्राहकांसाठी मग जुन्या एफ88चीच ताकद वाढवून 290 अश्वशक्तीचा ट्रक तयार केला. स्कॅनियाचा 1969चा व्ही8 इंजिनाचा 140 हा ट्रक तर 350 अश्वशक्तीचा होता.

जर्मनीत तर इंजिनाच्या ताकदीची निवड मालकाच्या हातात राहिलीच नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे टनामागे किमान 8 अश्वशक्तीचा नियम आला. म्हणजे 38 टनांच्या गाडीला 304 अश्वशक्ती लागे. मर्सिडीझचे 16 लिटरचे व्ही10 इंजिन 320 अश्वशक्तीचे होते.  

पुढे युरोपातून इराण आणि आखाताकडे लांबच्या खेपा सुरू झाल्या. ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे केबिनमध्ये राहू लागला. 1979 साली व्होल्वोने एफ12वर ग्लोबट्रॉटर ही उंच केबिन दिली. तिच्यात माणूस ताठ उभा राहू शकत होता. या केबिनसाठी वाहतूकदारांनी जास्तीचे पैसे मोजले.

आपल्याकडे टाटांनी 1954 साली मर्सिडीझशी करार केला. जमशेदपूरहून बहुतेक गाड्या चासीच्या रूपातच निघत आणि केबिन बॉडी बांधणारा मिस्त्री करी. ड्रायव्हरला किती ऊन लागेल, हे त्याची लाकूडपत्र्याची कारागिरी आणि मालकाचा खिसा यांवर ठरे. ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करण्याचा विषय निघाला तेव्हा किंमत वाढेल म्हणून काहींनी विरोध केला होता, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी 2023 मध्ये जाहीरपणे सांगितले. ड्रायव्हर 43 ते 47 अंशांत काम करतात, हेही त्यांनी तेव्हाच बोलून दाखवले. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना ती सक्ती लागू करण्यात आली.