मालमोटारीतील फेरबदल आणि हमीचा वाद

भाजीपाला, कांदा किंवा दूध बाजारात पोहोचविण्यासाठी अनेक शेतकरी कर्ज काढून लहान मालमोटार अथवा पिकअप खरेदी करतात. गाडी दारात आली की आठ-पंधरा दिवसांतच ती गॅरेजात उभी राहते. मागील कमानीत एक-दोन पाटे वाढविले जातात, फाळके उंच केले जातात, टायर बदलले जातात आणि टपावर जादा दिवे चढतात. पुढे हमीच्या, म्हणजे वॉरंटीच्या, मुदतीत एखादा भाग निकामी झाला तर विक्रेता या फेरबदलांकडे बोट दाखवितो व दुरुस्तीचा सारा खर्च मालकावर येतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन जाणारी गाडी ऐन हंगामात पंधरा दिवस बंद राहिली, तर त्या शेतकऱ्याचे किती नुकसान होते हे निराळे सांगावयास नको. माल शेतात थांबत नाही आणि बँकेचा हप्ताही थांबत नाही.

अशा प्रसंगी “गाडीत फेरबदल केला, तेव्हा हमी संपली” असे सरसकट उत्तर ऐकू येते. शेतकरीही बहुधा ते मान्य करून परत फिरतो. वस्तुतः विचारावयाचा प्रश्न असा की, जो भाग मोडला तो केलेल्या फेरबदलामुळे मोडला काय? हमी ही मुख्यतः वापरलेल्या धातूतील व कारखान्यातील जोडणीतील मूळ दोषांबद्दल असते. क्लचची तबकडी, ब्रेकचे लायनर असे झिजणारे भाग व जादा भाराने झालेली मोडतोड तीत सहसा येत नाही. हमीपुस्तिकेतील शब्दयोजना येथे महत्त्वाची ठरते. “फेरबदलामुळे झालेले नुकसान हमीत येणार नाही” आणि “फेरबदल केल्यास हमी रद्द होईल” या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुस्तिका गाडी घेतानाच वाचावी. गाडी बंद पडल्यावर वाचण्यात फारसा लाभ नाही.

कोणता फेरबदल कोणत्या भागावर ताण आणतो, हे समजले म्हणजे निम्मा वाद सुटतो. पाटे वाढविल्याने कमान ताठ होते, पण गाडीची भार वाहण्याची शक्ती वाढत नाही. धुरा, बेअरिंग, सांगाडा व ब्रेक पूर्वीचेच राहतात. मागे गाडी दबलेली दिसत नाही, म्हणून चालक अधिक माल भरतो आणि तो भार धुऱ्याच्या घरावर पडतो. अशा गाडीच्या धुऱ्याला तडा गेला तर कंपनीची हरकत रास्त ठरण्याचा संभव मोठा आहे. परंतु त्याच गाडीचा स्टार्टर जळाला तर त्याचा पाट्यांशी काय संबंध?

टायरचा व्यास ५ टक्क्यांनी वाढला तर मीटर ६० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ६३ किलोमीटर वेगाने धावत असते. चाक फिरविण्यास व थांबविण्यास अधिक जोर लागतो आणि तो ताण क्लच, गिअर व ब्रेक यांवर येतो. दिव्यांचेही तसेच आहे. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॉटचे दोन दिवे सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. त्या जागी १०० वॉटचे दोन दिवे बसविले तर तो जवळजवळ १७ अँपिअरवर जातो. मूळ तार व कळ इतक्या प्रवाहासाठी केलेली नसते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळली की तारांवरील आवरण वितळून आग लागण्याची भीती असते. जळालेल्या तारांबद्दलची मागणी तेव्हा टिकत नाही, पण गिअरपेटीबद्दलची टिकू शकते.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत टप्पा सहाच्या गाड्यांत इंजिनाचा कारभार संगणकीय नियंत्रक पाहतो. जादा ताकदीच्या मोहाने त्यातील आज्ञावली बदलून घेणे सर्वांत घातक होय. इंधन व उष्णता वाढून पिस्टन, टर्बो आणि धुराच्या गाळणीवर त्याचा परिणाम होतो, आणि अशा वेळी इंजिनाच्या जवळपास कोणत्याही बिघाडाचे कारण त्या बदलाशी जोडता येते. हौद्यासाठी सांगाड्यावर वेल्डिंग करावयाचे झाल्यास उत्पादकाने दिलेल्या सूचना पाहूनच करावे व बॅटरीच्या तारा आधी सोडवाव्यात. अन्यथा हा नाजूक नियंत्रक निकामी होऊ शकतो.

खरी अडचण मधल्या प्रकरणांत येते. मोठे टायर बसविलेल्या गाडीचे गिअरपेटीतील बेअरिंग फुटले, तर दोष टायरचा की बेअरिंगचा? येथे मोडलेला भागच साक्ष देतो. अतिशय तापलेल्या पोलादावर निळसर छटा येते. ओतकामातील पोकळी तुटलेल्या पृष्ठभागावर जाणत्याला दिसू शकते. म्हणून दुरुस्ती स्वखर्चाने करून घ्यावी लागली तरी जुना भाग मागून घ्यावा, त्याची छायाचित्रे काढावीत व तो पुसून स्वच्छ न करता तसाच जपून ठेवावा. भंगारात गेलेला भाग ही अशा वादांतील सर्वांत मोठी हानी होय.

गाडी कार्यशाळेत देताना जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहवून त्याची प्रत घ्यावी. हमी नाकारली तर नकार लेखी मागावा. त्यात पुस्तिकेतील कोणत्या कलमाखाली नकार दिला आणि कोणत्या फेरबदलाने तो भाग कसा बिघडला, हे नमूद करावयास सांगावे. वेळच्या वेळी केलेल्या सर्व्हिसिंगची बिले व वजनकाट्याच्या पावत्या येथे उपयोगी पडतात. विक्रेत्यानेच दिवे किंवा इतर साहित्य बसविले असेल, तर त्याचे बिल अवश्य सांभाळावे. झालेला फेरबदल लपविण्याचा प्रयत्न मात्र करू नये. तो उघडकीस आला की बाकीच्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

याच तत्त्वाचा एक दाखला उपलब्ध आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांविषयीच्या आदेशात म्हटले की, बाहेरच्या कारागिराकडून दुरुस्ती केली एवढ्यावरून संपूर्ण हमी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये. सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच हमी नाकारावी. तो आदेश दुरुस्तीविषयी होता, फेरबदलांविषयी नव्हे, आणि कंपन्यांनी त्यास पुढे आव्हानही दिले. तरीही पत्रव्यवहारात त्यातील विचार मांडण्यास हरकत नाही.

कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदविता येते. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जावे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि वकील नेमलाच पाहिजे असे नाही. शुल्क गाडीच्या किमतीवर ठरते: ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार झाली पाहिजे, आणि “पुढच्या महिन्यात पाहू” अशा तोंडी आश्वासनांनी ही मुदत वाढत नाही.

या टप्प्यावर कंपनी बहुधा असा आक्षेप घेते की मालमोटार धंद्यासाठी घेतली, सबब मालक ग्राहक नव्हे. परंतु केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूची मानलेली नाही. आपल्या शेतातील माल वाहणाऱ्या व गाडी स्वतः चालविणाऱ्या शेतकऱ्याने ही गोष्ट तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावी.

हमीहून वेगळा असा परवानगीचा प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कसोशीने पाळावे असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक अवैध फेरबदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. ज्या बदलाला परवानगी लागते तो प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या मंजुरीनेच करावा व विमा कंपनीसही लेखी कळवावा.

जुनी गाडी घेणाऱ्याने तर खरेदीपूर्वीच ती जाणत्या कारागिराकडून खालून पाहून घ्यावी. पाटे, टायर व तारा मूळच्या आहेत की बदललेल्या, याची नोंद विक्रीच्या कागदावर करावी, आणि उरलेली हमी नव्या मालकाच्या नावे होते किंवा कसे हे अधिकृत विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे.