हिमालयात जाताय? डोकेदुखी लपवू नका!

शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्या परळीतून हिमालयाकडे जाणाऱ्यांची संख्या वाढते. ज्योतिर्लिंगाच्या गावची माणसे आपण. वैद्यनाथाचे दर्शन रोजचे, तेव्हा आयुष्यात एकदा तरी केदारनाथ करावे ही इच्छा घरोघरी असते. अलीकडे तर तरुण आणि निवृत्त मंडळीही पाठीवर सॅक घेऊन चार-सहा दिवसांच्या पायी भ्रमंतीला जाऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र जाण्यापूर्वी दवाखान्यात येणारे बहुतेक जण दोनच गोष्टी सांगतात: बी. पी. तपासा आणि ताप-जुलाबाच्या गोळ्या लिहून द्या. उंचीचा त्रास म्हणजे काय, हे विचारणारा क्वचितच भेटतो. म्हणून आजचा हा लेख.

गेल्या वर्षी जूनअखेर आम्ही पाच मित्र हिमाचल प्रदेशातील हमटा खिंडीच्या पदभ्रमणाला गेलो होतो. सगळे पन्नाशीच्या पुढचे. परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली आणि तेथून बसने मनाली. मनालीची उंची सुमारे २,०५० मीटर. आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे मनालीच्या बाजारात चहा पिणारा माणूस कळसूबाईच्याही चारशे मीटर वर बसलेला असतो! तेथे दोन रात्री थांबून आम्ही चालायला सुरुवात केली. पहिला मुक्काम चिका, सुमारे ३,१०० मीटर. देवदारची झाडे, खाली खळाळणारा ओढा, पाठीवर नऊ-दहा किलोचे ओझे. दुसरा मुक्काम बालू का घेरा, सुमारे ३,६०० मीटर. येथे झाडे संपतात. तिसऱ्या दिवशी सुमारे ४,२७० मीटरची खिंड ओलांडून लाहौलच्या बाजूला उतरायचे होते.

आमच्यातले सर्वांत दणकट म्हणजे एक निवृत्त शिक्षक. रोज पहाटे सहा किलोमीटर चालणारे, विडी-तंबाखूचे व्यसन नाही. दुसऱ्या मुक्कामी हेच गुरुजी संध्याकाळी ताटावरून उठले. एरवी भाकरीचा तुकडाही न टाकणारा माणूस! विचारले तर म्हणाले, "काही नाही डॉक्टर, उन्हानं जरा डोकं जड झालंय." रात्री त्यांना दोनदा उलटी झाली. पहाटे डोकेदुखी कायम होती. तेव्हा कुठे त्यांनी कबूल केले की, डोके आदल्या दुपारपासूनच दुखत होते. "माझ्यामुळं सगळ्यांचा खोळंबा नको, एवढे पैसे भरलेत. एक गोळी द्या, चढतो मी," असा त्यांचा आग्रह.

मी ठाम नकार दिला. आमच्यातले तिघे वाटाड्याबरोबर खिंडीकडे गेले. मी आणि एक स्थानिक मदतनीस गुरुजींना घेऊन खाली चिकाला उतरलो. त्यांची सॅक आम्ही वाटून घेतली. खिंड पाहायची राहिली याची हळहळ मलाही होती. पण पाचशे मीटर खाली आल्यावर दुपारपर्यंत त्यांचे डोके उतरले, आणि संध्याकाळी त्यांनी खिचडी मागून घेतली. यंदा ते पुन्हा जाणार आहेत, वाटेत एक मुक्काम वाढवून.

असे का होते?

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते असा समज आहे. प्रत्यक्षात प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास दोन-तृतीयांश राहतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच घटतो. शरीर श्वास जलद करून ही तूट भरून काढते, पण या जुळवणीला काही दिवस लागतात. तेवढी सवड न देता चढत गेल्यास त्रास होतो.

दणकट माणसाला हा त्रास होत नाही, हा मोठा गैरसमज आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात आपल्या जवानांना तातडीने हिमालयात पाठवावे लागले. लष्करातील डॉ. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांमधील या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. ते सगळे तरुण आणि कसलेले जवान होते. उलट दणकट माणूस भराभर चढतो आणि त्रास लपवतो, म्हणून त्याला धोका अधिक.

लक्षणे ओळखा

साधारण २,५०० मीटरच्या वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागते. जोडीला मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर, गळून जाणे. उंचावर डोके दुखले आणि यांपैकी एक जरी लक्षण असले, तरी दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा. अशा वेळी वर चढू नये. तेथेच विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे. दुखणे कमी झाले नाही किंवा वाढले, तर खाली उतरावे.

पुढील लक्षणे जिवावर बेतणारी आहेत. बसल्या जागी धाप लागणे, खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी याचा अर्थ फुप्फुसात पाणी होत आहे. तोल जाणे, बरळणे, विचित्र वागणे म्हणजे मेंदूला सूज येत आहे. संशय आल्यास रुग्णाला सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून चालायला सांगा. जमले नाही, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ खाली न्या. एकट्याला मात्र कधीही पाठवू नका. प्राणवायूचे नळकांडे मिळाले तर द्या, पण त्यासाठी उतरणे लांबवू नका. अनेक यात्रेकरू कापराची पुडी हुंगत चढतात. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातील प्राणवायू वाढत नाही.

केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे आणि पायी वाट सुरू होते त्या गौरीकुंडची उंची सुमारे २,००० मीटर. एका दिवसात एवढी चढाई होते, आणि हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत. म्हणून खालच्या गावात एक-दोन रात्री जरूर काढा. अमरनाथ यात्रेसाठी ठरवून दिलेल्या डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे, ते काही उगाच नाही.

जाण्यापूर्वी

१. दोन-तीन महिने आधी तयारीला लागा. आपल्या वैद्यनाथ मंदिराच्या पायऱ्या यासाठी उत्तम. पुढे पाठीवर सॅक घेऊन चढ-उतार करा. नवे बूट घरीच वापरून रुळवा.

२. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंचीवर नसावा. तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती ठेवा.

३. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

४. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, छातीत दुखणारे, जुनाट दम्याचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय जाऊ नये. हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडील महिलांनी तर नक्कीच.

५. रक्तदाब व मधुमेहाची औषधे चालू ठेवा. इन्सुलिन गोठू नये म्हणून अंगावरच्या कपड्यांत ठेवा.

६. त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी आहे, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. गोळी घेतली म्हणून भराभर चढण्याची मुभा मिळत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निघण्यापूर्वीच मित्रांनी एकत्र बसून ठरवावे: ज्याला त्रास होईल तो सांगेल, त्याला कोणी हसणार नाही आणि त्याच्याबरोबर एक जण खाली उतरेल. कोण उतरणार, तेही घरीच ठरवून ठेवा. डोंगर कुठे जात नाही; तो पुढच्या वर्षीही तेथेच असतो.