भाषेचे तुकडे आणि विजेचा हिशेब

देशी कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीतील यंत्रांच्या संख्येची चर्चा पुष्कळ होते; ती यंत्रे भाषा कशी वाचतात याची क्वचितच. वस्तुतः विजेचा प्रश्न तेथेही उद्भवतो. यूटीएफ-८ या रूढ संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘की’ हे आपल्याला एकच अक्षर. यंत्राला ती दोन चिन्हे, म्हणजे सहा बाइट. इंग्रजी मजकुरावर बेतलेली विभाजनपद्धती त्यामुळे मराठी वाक्याचे अधिक तुकडे पाडते, आणि दर तुकड्यामागे वीज खर्च होते. नवी मुंबईतील विदाकेंद्रांचा वीजपुरवठा वाढवावा लागेलच. परंतु सामान्यरूप व प्रत्यय ओळखणारी विभाजनपद्धती रचणे हाही, प्रस्तुत लेखकाच्या मते, ऊर्जाधोरणाचाच भाग होय. ‘घरासमोरच्यांना’ हे रूप कोठे तोडावे, हे विद्युत्-अभियंत्याला विचारून चालणार नाही.